कार्डांची वास्तू

माणसाचा हुद्दा अथवा पत्ता बदलला, की त्याची व्हिजिटिंग कार्डे एका दिवसात रद्दी होतात. कागद तोच असतो. केवळ त्यावरील अक्षरे खोटी ठरलेली असतात. अशा क्षुल्लक वस्तूतून साडेचार फूट उंचीचे शिल्प उभे राहू शकते, हे अमेरिकेतील जेनिन मोझली या विदुषींनी दाखवून दिले.

त्यांनी निवडलेला आकार ऑस्ट्रियन गणिती कार्ल मेंगर यांनी १९२६ साली वर्णिला होता. एका घनाचे सत्तावीस सारखे लहान घन कल्पावे. प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावरचा एक असे सहा व गाभ्यातील एक, मिळून सात काढून टाकावे. उरलेल्या वीसांवर पुन्हा हाच संस्कार करावा. गणितात या क्रमाला अंत नाही. हातांना मात्र कोठेतरी थांबावे लागते. मोझलीबाई तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

त्या पायरीला ८,००० घन लागतात. कार्डाची दोन टोके दुमडली की मध्ये चौरस उरतो. अशी सहा कार्डे परस्परांत अडकविली की डिंकाचा थेंबही न लावता घन सिद्ध होतो. ही झाली ४८,००० कार्डे, बाहेरील चौरस मढविण्यास आणखी १८,०४८, एकूण ६६,०४८! अनेक साहाय्यकांचे हात लागूनही काम सुमारे नऊ वर्षे चालले. २००६ साली लॉस एंजेलिस येथे ते लोकांपुढे मांडले गेले.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे अर्धीच लागू पडते. तळ्यात थेंब कोठेही पडला तरी चालतो. येथे प्रत्येक कार्डाची जागा ठरलेली, आणि काय गाळावयाचे हेही ठरलेले. तेवढ्याच भरीव ठोकळ्यात १९,६८३ घन मावले असते. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा रिकामी. तरीही पृष्ठभाग भरीव ठोकळ्याच्या चौपटीहून अधिक!

सामुदायिक कामाची कसोटी येथेच लागते. कोणी आपल्या लहरीने घडी तिरपी घातली, तर शेजारचा घन बसत नाही, आणि सत्तावीस घनांच्या ओळीत ती चूक साठत जाते. उलट, घडी बिनचूक असेल तर ती कोणाच्या हातची, हे कोणासही ओळखता येत नाही. ज्या कागदाचे काम एकेकाचे नाव मिरविण्याचे, तोच येथे शेजाऱ्याला धरून ठेवतो.

पहिल्या पायरीस मढविण्यासह अवघी १९२ कार्डे पुरतात. घरातील चार माणसे एकत्र बसली, तर हा अनुभव घरबसल्या घेता येण्याजोगा आहे.