मतांतर आणि आत्मपरीक्षण

(राणीसावरगाव येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



रेणुकामातेच्या या गावी बोलण्यास उभा राहताना मला प्रथम एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या मेळाव्यात एक ठराव आला होता. मंडळाच्या वधूवर-सूचीत विधवा भगिनींचीही नावे छापावीत, असा तो ठराव होता. त्यास कडाडून विरोध करणारा मीच होतो. घराण्याच्या रीतीवर मी लांबलचक भाषण केले, टाळ्या पडल्या आणि ठराव बारगळला. त्या टाळ्यांचा मला तेव्हा अभिमान वाटला.

पुढे माझी भाची चोविसाव्या वर्षी विधवा झाली आणि लहान मुलीला घेऊन आमच्या घरी आली. माझे मत एका दिवसात पालटले, असे मात्र नाही. उलट प्रारंभी मी तिलाच धीराचे चार उपदेश करीत होतो. नवरात्रात घरी सवाष्णी जेवावयास बसल्या की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. एकदा तिच्या मुलीने मला विचारले, "आजोबा, आईची ओटी कोणीच का भरीत नाही?" सभेला उत्तर देणारा मी त्या पोरीपुढे निरुत्तर झालो. त्या रात्री मनाला विचारले, की ज्या मताचा मी एवढा कैवार घेतला, ते मी कधी तपासून पाहिले होते काय? नाही, ते मला वडिलोपार्जित वाड्याप्रमाणे आयते मिळाले होते.

अशा वेळी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आठवते. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधवांच्या दुःखावर पुनर्विवाह हाच उपाय, अशी त्यांची तेव्हा धारणा होती. परंतु अनुभवाने त्यांस दिसून आले, की विवाह थोड्याच जणींच्या वाट्यास येणार. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज मात्र सर्वांनाच आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे शिक्षण केवळ विधवांनाच का, असा विचार त्यांच्या मनात बळावला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापिला. ज्या वयात माणसे आपल्या मतांना कुलूप घालतात, त्या वयात अण्णासाहेबांनी आणखी एक दार उघडले.

मतांतर करणाऱ्यास लोक चंचल म्हणतात. वाऱ्याबरोबर फिरणारी मतेही असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु दोहोंची पारख सोपी आहे. लाभासाठी बदललेले मत माणूस मिरवितो. अनुभवाने बदललेल्या मताची किंमत त्याला स्वतः मोजावी लागते. अण्णासाहेबांनी बहिष्कार सोसला. मला तर आपणांसमोर केवळ मान खाली घालावयाची आहे.

आपल्या घरी दुःख आले तेव्हाच माझे डोळे उघडले, याची मला लाज वाटते. ठराव आला त्या वर्षीही कोणाची तरी भाची स्वयंपाकघरात बसलीच असेल. तिचे आईवडील कदाचित त्या सभेत असतील आणि माझ्या भाषणानंतर मुकाट्याने घरी गेले असतील. त्यांची मी क्षमा मागतो.

भाचीने प्रथम आपले अपुरे शिक्षण पुरे करावयाचे ठरविले आहे. पुढील निर्णय तिचा ती घेईल; मी मामा म्हणून पाठीशी उभा राहीन. मात्र ज्या भगिनींची इच्छा असेल, त्यांच्यासाठी आपल्या सूचीचे पान मोकळे असावे. ज्या मुखाने मी त्या ठरावास विरोध केला, त्याच मुखाने तो आज पुन्हा मांडीत आहे. आपण टाळ्या वाजवू नयेत. घरी जाऊन विचार करावा आणि उद्या मत द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.