पद्मिनी घ्यायचीये? आधी कागद बघा, इंजिन शेवटी

आजचा विषय तुम्हीच मागितलेला: जुनी क्लासिक गाडी घ्यावी का? आपण आपल्या प्रीमियर पद्मिनीबद्दल बोलू. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मुंबईची काळी-पिवळी म्हणून गाजलेली. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा आपण सगळ्यांनीच स्टेटस ठेवलं होतं.

आता माझा किस्सा. ताईच्या लग्नात बाबांनी त्यांची पद्मिनी विकली. त्यांच्या साठीला तशीच गाडी द्यायची, असं माझ्या मनात होतं. १९८४ची एक सापडली. चावी फिरवली, एका झटक्यात चालू! मी तिथेच वीस हजार टोकन देऊन मोकळा. घरी येऊन आरसी नीट वाचली, तर मालक कधीच वारलेले. विकणारा त्यांचा पुतण्या, आणि वारसांपैकी एकाचीही सही नाही. टोकन बुडालं. बाबांना अजून माहीत नाही.

म्हणून सांगतो, क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, कागद. आरसीवरचं नाव आणि विकणारा एकच आहे का? चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का? बँकेचा बोजा आहे का? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते झालंय का? आणि ‘व्हिंटेज आहे’ म्हणून कुणी भाव वाढवला, तर हसून सोडा. सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, आणि तशी नोंदणी केलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही.

दुसरं, पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. मॅट उचला, दाराखालचा भाग बोटाने दाबून बघा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलीये.

इंजिन शेवटी. १०८९ सीसीचं साधं इंजिन, जाणता मेकॅनिक ते बांधून देतो. गंजलेला सांगाडा मात्र खिसा रिकामा करतो.

आणि हो, घेण्याआधीच जवळचा जुना फियाटवाला मेकॅनिक शोधा. त्याला सोबत न्या. त्याच्या चहाचे पैसे माझ्या वीस हजारांपेक्षा नक्कीच स्वस्त पडतील!

मी अजून शोधतोय. बाबांची पासष्टी गाठायचीये. भेटू पुढच्या भागात!