पतंग तांदळाएवढा, नोंद मात्र पक्की

आम्ही करी रोडच्या चाळीतल्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या बऱ्याच जणींची गावं साताऱ्याकडे नाहीतर कोकणात, त्यामुळे शेताशी नातं सुटलेलं नाही. आज बोलायचंय ते बारक्या पतंगांविषयी.

यातले काही आपण रोज बघतो. तांदळाला जाळी धरते आणि डबा उघडला की करडी पाकोळी उडते, ती यांच्यातलीच. आमच्या चाळीत भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, धुळीची पिशवी सरकताना दिसते. तिच्यात अळी असते, तिचाही पुढे पतंग होतो. ही घरोघरची मंडळी. पण याच आकाराचे कितीतरी पतंग क्वचितच दिसतात. चिलट समजून आपण त्यांना झटकतो, आणि ते इथे होते हे कुणालाच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, कळून काय करायचं? तर टोमॅटोचं उदाहरण घ्या. टूटा नावाचा पतंग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरू देशातल्या नमुन्यावरून मेरिक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९१७ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं. भारतात तो २०१४ साली पहिल्यांदा नोंदला गेला, तो आपल्या महाराष्ट्रात, पुण्याकडे. आज तो टोमॅटोचा मोठा शत्रू आहे. नवा पतंग आला की सुरुवातीला तुरळकच असतो. तेव्हाच ओळखला तर आवर घालणं सोपं जातं.

ओळखताना घोळ होतो तो नागअळीशी. नागअळी ही एका माशीची अळी. ती पानावर पांढरी, नागमोडी रेघ ओढते आणि फळात शिरत नाही. टूटाची अळी पान आतून खाते. कागदासारखे रुंद चट्टे पडतात, आत काळी विष्ठा दिसते, आणि ती फळही पोखरते. दोघींवरचा उपाय वेगळा. नाव चुकलं की फवारणीचे पैसे पाण्यात, आणि गटातून काढलेलं कर्ज डोक्यावर.

म्हणून एक वही करा. अनोळखी पतंग किंवा अळी दिसली की तारीख, गाव, शेत की घर, आणि कोणत्या झाडावर दिसली ते लिहा. शेजारी काडेपेटीतली काडी ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. अळी असेल तर तिच्या पानासकट बरणीत ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा, रोज ताजं पान द्या. पतंग बाहेर पडला की तोही जपून ठेवा. कारण यातले कितीतरी पतंग नुसत्या फोटोवरून ओळखता येत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ते काम कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांचं. आपण अंदाजाने नाव लिहू नये. 'नाव माहीत नाही' असं लिहिलेली नोंदही उपयोगाची असते.

आणि मैत्रिणींनो, प्रत्येक अनोळखी पतंग शत्रू नसतो. एखादा आपल्याच डोंगरातला, दुर्मीळ, कुणाचं काही न बिघडवणारा असू शकतो. त्याचीही नोंद त्याच वहीत, तितक्याच नीट करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीशेजारी ही वहीही उघडा.