शाळेसमोरचे सहा सेकंद

आजचा विषय थोडा गंभीर आहे, पण त्यातलं गणित सोपं आहे. गाडी चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. मग ऐका.

शाळा सुटल्यावर मुलं कशी बाहेर पडतात ते आठवा. कुणी कुणाची टोपी घेऊन पळतंय, कुणाला पलीकडे उभी असलेली आई दिसलीय, कुणी चिंचा-बोरांच्या गाडीकडे धावतंय. आपण लगेच म्हणतो, "मुलांना शिस्त नाही, बघून रस्ता ओलांडावा ना!" पण सहा-सात वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर मोठ्यांसारखं जोखता येत नाही. कडेला रिक्षा नि व्हॅन उभ्या असतील, तर ते पोर ड्रायव्हरला दिसतही नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. युजर चुकीचं बटण दाबणारच, हे आम्ही गृहीत धरतो आणि तरीही ॲप कोसळू नये असं लिहितो. मूलही चुकणारच. प्रश्न एवढाच, की त्या चुकीची किंमत काय? खरचटलेला गुडघा, की जीव?

ते बऱ्याच अंशी वेग ठरवतो. मूल दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची कार त्या सेकंदात ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. आणि ५० चा वेग असेल तर? पहिल्या सेकंदातच ती जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे मूल १३ मीटरवर असेल, तर ३० ची गाडी कशीबशी थांबते आणि ५० ची गाडी ब्रेक लागायच्या आतच धडकते. पूर्ण वेगात. त्या धडकेतली ऊर्जा ३० च्या वेगाच्या पावणेतीन पट असते.

आता उलटं गणित करू. शाळेसमोरचे २०० मीटर ५० ऐवजी ३० ने गेलात तर किती उशीर होतो? १० सेकंदही नाही!

माझी भाची यंदा पहिलीत गेली. तिच्या शाळेचं फाटक थेट मोठ्या रस्त्यावर उघडतं. तिथे 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका' असा बोर्ड आहे. बोर्ड वाचून कुणी ब्रेक दाबत नाही, रस्त्याचा आकारच दाबायला लावतो. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये 'अमेंड' या संस्थेने सारसाई नावाच्या उपक्रमात हेच केलं. फुटपाथ, गतिरोधक, झेब्रा, आणि गरज पडली तिथे शाळेचं फाटकच शांत बाजूला हलवलं. मोठे पूल नाहीत, महागडं काही नाही. २०१९ मध्ये या कामाला शहरांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग आपण काय करायचं? फोन काढा. शाळेजवळ रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी उभे राहा. मॅपवर मोजून ५० मीटर अंतरावरच्या दोन खुणा ठरवा, खांब किंवा झाड चालेल. स्टॉपवॉच लावा. गाडीने हे अंतर सहा सेकंदांत कापलं तर तिचा वेग बरोबर ३०. साडेतीन सेकंदांत कापलं तर ५० च्या वर. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास, तीन दिवस मोजा आणि एका शीटमध्ये लिहा.

ही शीट द्यायची कुणाला? महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सोबत पालक, पोलीस, आरटीओ, स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी. म्हणजे ज्यांच्याकडे खेटे घालावे लागले असते, ते एकाच टेबलावर. शाळेत जाऊन विचारा, "समितीची शेवटची बैठक कधी झाली?" रस्ता नगरपालिकेचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, तेही विचारा. अर्ज त्यांच्याच नावाने द्या आणि पोच घ्या.

"गाड्या जोरात जातात हो" असं म्हटलं की लोक मान डोलावतात. तेच आकड्यांत लिहून, सही-शिक्क्याची पोच घेऊन दिलं की उत्तर द्यावं लागतं.

आणि समिती भरेपर्यंत एक गोष्ट आपल्याच हातात आहे. उद्या शाळेसमोरून जाताना ॲक्सिलरेटर सोडा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

भेटू पुढच्या भागात. जपून जा.