वन घ्यावे, पण आधी राखावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून भिवापूरलगतच्या जुन्या झाडीचा एक तुकडा खरेदी करावा, अशी सूचना आपल्या तरुणांनी मांडली आहे. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते. तोडीसाठी घेतलेले जंगल हा पापाचा व्यापार होय. राखण्यासाठी घेतलेले जंगल मात्र वनस्पतिकायापासून पंचेंद्रियांपर्यंत सर्व जीवांना अभयदान ठरेल. म्हणून या सूचनेस माझे अनुमोदन आहे.

तथापि ठाणातील कापडाप्रमाणे जंगल मोजून घेता येत नाही. राज्यातील बहुतेक खाजगी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे गेली. उरते ती शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरील झाडी. तिच्या खरेदीपूर्वी विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगी, हे दोन उंबरठे ओलांडावे लागतील.

राखण मालकीविनाही होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला, तोही खरेदीखताविना. अपरिग्रह मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

माझी नम्र विनंती एवढीच, की परवानगी मिळेपर्यंत मूळ निधी मुदत ठेवीत अखंड ठेवावा. दरम्यान झाडीच्या मालकाशी तोड न करण्याचा लेखी करार करून व्याजातून त्यास दरसाल मोबदला द्यावा. परवानगीची वाट पाहण्यात झाडेच गेली, तर खरेदी करावयाचे ते काय? आधी झाड वाचावे, दात्यांच्या नावांची पाटी मागाहून लागेल.

जय जिनेंद्र!