तळघरातला वारा



चालकांनी मला कामगार-चळवळीवर बोलायला सांगितले होते. मी चळवळीवरच बोलणार आहे; फक्त वाऱ्याच्या वाटेने.

आपण सिनेमाला किंवा दवाखान्यात जाता, गाडी तळघरात लावता आणि पाच मिनिटांत वर येता. तेथे पावती फाडणारा माणूस मात्र बारा तास बसतो. असे लोक आमच्या संघटनेत आहेत. तक्रार एकच, संध्याकाळी डोके ठणकते. मालक म्हणतो, पंखे आहेत आणि हिशेब नियमात आहे. दोघेही खरे बोलतात. घोटाळा नेमका तेथेच आहे.

मोटारीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तो जड असून जमिनीलगत साचतो, ही समजूत चुकीची आहे. वजनाला तो हवेपेक्षा किंचित हलकाच. वारा नेईल तिकडे तो जातो, आणि वारा पोचत नाही तेथे मुक्काम करतो. आजच्या गाड्यांत धूर निववणारे यंत्र असते खरे, पण ते तापल्याशिवाय काम करीत नाही. संध्याकाळी थंड पडलेल्या गाड्या एकदम सुरू होतात, चढावर रांग लागते, आणि पावतीची खिडकी नेमकी त्या चढाच्या तोंडाशी!

आता नियम पाहा. ब्रिटनमध्ये अशा तळघरातली हवा ताशी ६ वेळा बदलावी असे आहे. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आग लागल्यास ताशी १२ वेळा. पण ही सारी सरासरी. सरासरीला आम्ही कामगार चांगले ओळखतो. मॅनेजरचा पगार मिळवून सरासरी काढली की हमालसुद्धा सुखवस्तू ठरतो! ताजी हवा चढावरून येते, जवळच्याच झरोक्यातून बाहेर जाते, आणि दूरचा कोपरा कोंदट तो कोंदटच. कागदावर सहा वेळा हवा बदललेली असते.

हा कोपरा आधीच दाखवणारी विद्या आता आहे. तळघराचे संगणकात लाखो बारीक चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती हवा आली, किती गेली, याची आवक-जावक जुळवायची. वाहत्या द्रवाची समीकरणे नाव्हिए या फ्रेंच इंजिनियराने १८२२ मध्ये मांडली. पण ती खऱ्या जागेला लावून सोडवणे माणसाच्या हाताबाहेरचे होते. ते सुलभ करणारी 'सिंपल' नावाची रीत १९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून प्रसिद्ध झाली. ती रचणाऱ्या दोघांपैकी एक स्पॉल्डिंग, आणि दुसरे आपल्या पुण्यात शिकलेले सुहास पाटणकर. टाळ्या वाजवायच्या तर येथे वाजवा.

या नकाशात गमती दिसतात. छताला टांगलेला झोतपंखा पुढची हवा ओढत नेतो. पण वाटेत खोल तुळई आली की झोत तिच्यावर आपटतो आणि पलीकडे सारे निपचित. एकदोन पंखे चार हात सरकवले तर भागते. भिंती उभ्या राहण्यापूर्वी हे कळले, तर खर्चही फारसा नाही.

पण संगणकाला विचाराल तेवढेच तो सांगतो. दुपारी दोनचा शुकशुकाट घातला तर उत्तर गोडच येणार. ब्रिटिश नियमात आठ तासांची सरासरी दहा लाखांत ३० भागांच्या खाली हवी, आणि चढ व दारांपाशी ९० भागांपर्यंत सूट, तीही फक्त पंधरा मिनिटांची. आमचा माणूस बसतो त्याच चढापाशी, बारा तास.

म्हणून आमच्या मागणीपत्रात बोनसच्या खाली तीन कलमे आहेत. नकाशा काढताना संध्याकाळच्या रांगेचा काढावा, एक पंखा बंद आहे असे धरून. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर वायू किती, ते त्यात दाखवावे. आणि वायुमापकाचा आकडा मॅनेजरच्या खोलीत दिसतो तसा पावतीच्या खिडकीतही दिसावा. पहिली दोन एका मालकाने मान्य केली आहेत. तिसऱ्यावर बोलणी चालू आहेत.