बाळाचं पोट आणि आईचं ताट

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वांत जास्त असतात त्या काही खास शर्करा. गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. मग आईच्या शरीरानं हा खर्च करायचा कशाला? तर त्या बायफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस नावाच्या जिवाणूचं अन्न आहेत. तो त्या खातो, आम्लं तयार करतो, आणि त्या आम्लात अनेक रोगजंतूंना थारा मिळत नाही. आतड्यातल्या जिवाणूंचं हे पहिलं बियाणं बाळाला बरंचसं आईकडूनच मिळतं. सिझेरियन, अँटिबायोटिक, वरचं दूध यांनी त्यात खंड पडतो. गरजेचं सिझेरियन टाळा, असं मी मुळीच म्हणत नाही. पण पहिला पिवळा चीक पिळून टाकून बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवणं मात्र थांबायलाच हवं.

ओडिशातल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याला पोसणारी शर्करा सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. हे ऐकून कुणी औषधाच्या दुकानात धावू नये. तो एका विशिष्ट जिवाणूचा, काटेकोर देखरेखीखालचा प्रयोग होता. जाहिरातीतल्या कुठल्याही पुडीला त्याचं श्रेय मिळत नाही.

मला जास्त मोलाचा वाटतो तो ढाक्याच्या मीरपूर वस्तीतला प्रयोग. जेफ्री गॉर्डन आणि तहमीद अहमद यांच्या चमूनं दीड वर्षापर्यंतच्या कुपोषित मुलांना हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं यांचा आहार दिला. त्यात नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी होते, तरी मुलांची वाढ सरस झाली, कारण तो निवडलाच होता जिवाणूंकडे बघून. यातलं काय आपल्या बाजारात मिळत नाही?

आता आईकडे वळू. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सुरू केलेल्या अभ्यासात, पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनदार निघाली. मुंबईच्या वस्त्यांत हेच पदार्थ घालून केलेला खाऊ बायांना रोज दिला. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने तो सुरू झाला, तिथं बाळाचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं. आकडा लहान आहे, पण त्याच अभ्यासात गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला. दिवस राहिल्यावर जागं होणं म्हणजे उशिराच जागं होणं.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आईपर्यंत असा आहार पोचणं अवघड होतं ते वेगळ्याच कारणानं. पावसाळ्यात वाडीवर टाकळा, कुर्डू, भारंगी मिळते. पण दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाई भट्टीवर आणि तिच्या नावचा पोषण आहार गावच्या अंगणवाडीत! जिवाणूंवर कितीही संशोधन झालं तरी हे अंतर त्यानं मिटणार नाही. ते तुम्हा-आम्हालाच मिटवावं लागेल. तुमच्या गावाच्या हद्दीत भट्टी असेल, तर तिथल्या गरोदर आणि बाळंत बायांची नावं आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना या आठवड्यात कळवा.